नाव नसलेला रकाना : नागझिऱ्याच्या परिसरातील दावे, नमुने आणि संगणकीय अर्ज

गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा आज वाघांसाठी ओळखला जातो, आणि तिथे जाऊ इच्छिणाऱ्या पर्यटकाची त्या जंगलाशी पहिली गाठ पिटेझरी किंवा चोरखमारा येथील प्रवेशद्वारावर पडत नाही, तर संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरील आरक्षणाच्या अर्जात पडते. याच जंगलाच्या कडेने पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या गोंड, हलबा, गोवारी, ढिवर कुटुंबांचा अर्जाशी आलेला संबंध मात्र याहून कितीतरी जुना आहे. चराई, सरपण, मोहफुले, तेंदूपाने आणि तळ्यांतील मासे यांवरचा त्यांचा वहिवाटीचा हक्क गेल्या दीडशे वर्षांत वेळोवेळी कोणत्या ना कोणत्या नमुन्यात बसवला गेला किंवा बसवायचा राहून गेला. एक अर्ज माहिती-तंत्रज्ञानाच्या इतिहासात आणि दुसरा महसुली इतिहासात मोडत असल्यामुळे या दोहोंचा विचार सहसा एकत्र होत नाही. तो करायला हवा, कारण वेबवरील फॉर्मचा जो सर्वांत मूलभूत नियम आहे, म्हणजे ज्या रकान्याला फॉर्म रचणाऱ्याने नाव दिलेले नाही त्यातील मजकूर पाठवलाच जात नाही, तो नियम या जंगलाने संगणक येण्याच्या फार आधी अनुभवलेला आहे.

नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याआधीचा प्रशासकीय प्रवासही ध्यानात ठेवावा लागतो, कारण नोंदींचे नमुने त्याच प्रवासाबरोबर बदलले: प्रथम मध्य प्रांत, मग मध्य प्रदेश, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातील वाचकाला परिचित असलेली गाव नमुन्यांची परंपरा इथे उशिरा आली, आणि तिच्याखाली मालगुजार, पटवारी, निस्तार आणि वाजिब-उल-अर्ज या शब्दांचा जुना थर तसाच राहिला.

मध्य प्रांतात लागू झालेल्या १८७८ च्या भारतीय वन कायद्याने आणि त्याची जागा घेणाऱ्या १९२७ च्या कायद्याने राखीव वन घोषित करण्याची जी रीत ठरवली, तिच्यात दावा हा कळीचा टप्पा होता. शासनाने एखादा प्रदेश राखीव करण्याचा मनोदय अधिसूचनेने जाहीर करावा, वन जमाबंदी अधिकाऱ्याने त्या परिसरातील गावांत स्थानिक भाषेत उद्घोषणा प्रसिद्ध करावी, आणि किमान तीन महिन्यांच्या मुदतीत ज्याचा जो हक्क असेल त्याने तो लेखी कळवावा किंवा अधिकाऱ्यासमोर हजर होऊन तोंडी सांगावा, अशी ती रीत होती. तोंडी सांगण्याची मुभा ही मोठी सोय होती, कारण लिहिण्याचे काम मग अधिकाऱ्याकडे जात असे. परंतु त्याच कायद्याचे नववे कलम या सोयीच्या पाठीशी उभे होते: ज्या हक्काविषयी मुदतीत दावा आला नाही आणि ज्याची माहिती अधिकाऱ्याला चौकशीतही मिळाली नाही, तो हक्क, विलंबाचे पुरेसे कारण अंतिम अधिसूचनेपूर्वी पटवून दिले नाही तर, नष्ट झाला असे समजावे. हक्क प्रत्यक्षात बजावला जात होता की नाही हा प्रश्न येथे उरतच नाही. तो दप्तरात पोहोचला की नाही एवढेच पाहिले जाते. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्यानेही राखीव वनाचे अभयारण्य करताना नव्याने दावे मागवण्याची आवश्यकता ठेवली नाही, कारण त्यांचा निवाडा राखीव वन होतानाच झाला असे तो गृहीत धरतो, आणि अशा रीतीने एका पिढीचे मौन पुढच्या पिढ्यांच्या खात्यावर जमा होते.

गावाच्या बाजूने चित्र थोडे वेगळे होते. मध्य प्रांतात जमीनमहसुलाची जबाबदारी मालगुजारावर असे, आणि गावाच्या पडीक जमिनीचे, झुडपी जंगलाचे व तलावांचे व्यवहार त्याच्या हातून होत. भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील ज्या तलावांना आज ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हटले जाते, ते याच व्यवस्थेची खूण आहेत. रयतेने कोणत्या रानातून सरपण न्यावे, कोणाची गुरे कुठे चरावीत, तलावाचे पाणी कोणत्या क्रमाने फिरावे, या रिवाजांना वाजिब-उल-अर्ज नावाच्या नोंदीत स्थान होते, तर दैनंदिन गरजांसाठी वनोपज आणि सामाईक जमीन वापरण्याच्या हक्काला निस्तार म्हणत. मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली, या जमिनी व तलाव शासनाकडे गेले, आणि निस्ताराची नोंद ठेवण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेवर आले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने, म्हणजे १९६६ च्या कायद्याने, ही परंपरा पुढे चालवली. तिच्या १६१ व्या कलमात निस्तार पत्रकाची आणि १६५ व्या कलमात वाजिब-उल-अर्जाची तरतूद आहे.

या दोन कलमांची मांडणी बारकाईने पाहण्याजोगी आहे. निस्तार पत्रकात गुरांच्या चराईच्या अटी, लाकूड, इंधन व अन्य वनोपज नेण्याच्या अटी, मुरूम, वाळू, माती, दगड नेण्याच्या अटी असे विषय कायद्यानेच सांगितले आहेत, आणि शेवटी इतर बाबींसाठी जागा ठेवली आहे. वाजिब-उल-अर्जात पाटपाण्याचा हक्क, वाटेचा हक्क व अन्य सुविधाधिकार, आणि शासनाच्या मालकीच्या नसलेल्या पाण्यातील मासेमारी येते. म्हणजे गावाच्या जगण्यातील काही गोष्टींना शीर्षक मिळाले, काही गोष्टी ‘इतर’ या एका शब्दाखाली गेल्या, आणि एखादा मोहाचा वृक्ष अमुक घराण्याने वेचायचा हा संकेत किंवा देवाच्या रानात कुऱ्हाड न चालवण्याचा नेम यांना स्वतःचे शीर्षक मिळाले नाही. ज्यांनी ही शीर्षके ठरवली त्यांना दोष देण्याचे कारण नाही. प्रशासनाला तुलना करता येतील अशाच नोंदी हव्या असतात, आणि शेकडो गावांची पत्रके एका नमुन्यात असल्याशिवाय तुलना होत नाही. परंतु नमुना ठरवणे हा निर्णय आहे आणि तो निर्णय भरणाऱ्याचा नसतो, ही गोष्ट पुढच्या सगळ्या इतिहासात कायम राहते.

संगणकाच्या पडद्यावर रकाने भरून ते एकदम पाठवण्याची कल्पना वेबपेक्षा जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९७१ साली आणलेल्या ३२७० या टर्मिनलवर, म्हणजे मध्यवर्ती संगणकाला जोडलेल्या पडदा आणि कळफलक यांच्या जोडीवर, काही जागा संरक्षित आणि काही भरण्यायोग्य असत. भरणारा सगळे रकाने भरून एक कळ दाबी, आणि त्यानंतरच बदललेले रकाने मोठ्या संगणकाकडे जात. बँका, विमा कंपन्या आणि विमानसेवा यांची कितीतरी कामे या पद्धतीवर चालली. वेबला आरंभी एवढेही येत नव्हते. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत उभे केलेले वेब १९९१ मध्ये संस्थेबाहेर उपलब्ध झाले, तेव्हा वाचकाला पान वाचता येई आणि दुव्यावरून दुसऱ्या पानावर जाता येई. काही सांगायचे असेल तर ‘इझइंडेक्स’ नावाचा एकच टॅग, म्हणजे पान रचताना त्यात लिहायची खूण, होता, ज्याने पानावर शोधशब्द लिहिण्याची एक ओळ मिळे आणि तो शब्द प्रश्नचिन्हामागे पानाच्या पत्त्याला जोडून सर्व्हरकडे, म्हणजे पाने पुरवणाऱ्या संगणकाकडे, जाई. सर्नची दूरध्वनी-सूची शोधणे हा वेबच्या पहिल्या उपयोगांपैकी एक होता, आणि त्याला एवढे पुरेसे होते.

खरा फॉर्म १९९३ मध्ये आला. ब्रिस्टल येथील ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतील डेव्ह रॅगेट यांनी एचटीएमएलच्या, म्हणजे वेबची पाने ज्या भाषेत लिहितात तिच्या, ‘एचटीएमएल प्लस’ या मसुद्यात फॉर्मची रचना मांडली, इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्राने आपल्या मोझेक ब्राउझरमध्ये ती प्रत्यक्षात आणली, आणि आलेली माहिती सर्व्हरवरील एखाद्या प्रोग्रॅमच्या हाती कशी द्यावी याचा संकेतही, ज्याला सीजीआय म्हणतात, तिथेच तयार झाला. नोव्हेंबर १९९५ मध्ये बर्नर्स-ली आणि डॅन कॉनली यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० च्या विनिर्देशात या रचनेला अधिकृत रूप मिळाले, आणि ती आजही जवळजवळ त्याच रूपात चालते. तीस वर्षांत वेबचे बाह्य रूप ओळखू न येण्याइतके बदलले असताना एवढा टिकाऊपणा फार थोड्या गोष्टींना लाभला.

या रचनेचे कार्य असे आहे. ‘फॉर्म’ या टॅगमध्ये दोन गोष्टी प्रथम सांगितल्या जातात: ‘ॲक्शन’, म्हणजे माहिती कोणत्या पत्त्यावर जायची, आणि ‘मेथड’, म्हणजे ती कोणत्या रीतीने जायची. त्यानंतर मजकुराचे रकाने, निवडीच्या चौकटी, एकातून एक निवडण्याची गोल बटणे, याद्या आणि शेवटी ‘सबमिट’चे बटण येते. ते दाबताच ब्राउझर फॉर्ममधील रकाने पानावरच्या क्रमाने तपासतो आणि प्रत्येकाची एक जोडी बनवतो: डावीकडे रकान्याचे नाव, उजवीकडे भरलेला मजकूर, मध्ये बरोबरचे चिन्ह, अशा जोड्या ‘अँड’च्या चिन्हाने एकमेकींना जोडल्या जातात. येथे ‘नाव’ म्हणजे वाचकाला दिसणारे शीर्षक नव्हे. ते फॉर्म रचणाऱ्याने पडद्यामागे लिहिलेले असते. शीर्षक ठळक असले आणि वाचकाने समोर दहा ओळी लिहिल्या असल्या, तरी पडद्यामागे नाव नसेल तर त्या दहा ओळींची जोडी बनत नाही, त्या जात नाहीत, आणि लिहिणाऱ्याला तसे कळवलेही जात नाही. रचणाऱ्याने निष्क्रिय ठेवलेला रकाना जात नाही. खूण न केलेली चौकट जात नाही, त्यामुळे ‘नाही’ असे उत्तर आणि प्रश्नच न वाचणे या दोहोंत सर्व्हरला फरक दिसत नाही. उलट, वाचकाला मुळीच न दिसणारा ‘हिडन’ रकाना, त्याला नाव असल्यामुळे, बिनबोभाट जातो.

मेथडच्या दोन मुख्य रीती आहेत. ‘गेट’ या रीतीत जोड्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर लागतात, त्यामुळे त्या ब्राउझरच्या इतिहासात व सर्व्हरच्या नोंदवहीत दिसतात, आणि तो पत्ता जपून पुन्हा उघडता येतो. शोध घेण्यासाठी, म्हणजे केवळ विचारण्यासाठी, ही रीत योग्य. ‘पोस्ट’ या रीतीत जोड्या विनंतीच्या पोटात जातात, आणि ज्या कृतीने दुसऱ्या बाजूला काही बदलते, पैसे भरले जातात, जागा राखली जाते किंवा दावा दाखल होतो, तिच्यासाठी ही रीत वापरायची असते. विचारणे आणि दाखल करणे यांतला हा भेद महसुली दप्तराने फार पूर्वीपासून पाळला होता. नक्कल मागण्याचा अर्ज वेगळा आणि हक्काचा दावा वेगळा. वेबच्या रचनाकारांनी तो स्वतंत्रपणे शोधला, आणि त्याचे महत्त्व अनेक संकेतस्थळांच्या निर्मात्यांना आजही पुरते उमगलेले नाही.

मराठी मजकुराची कथा याहून कष्टाची आहे. पत्त्यात चालतील अशी अक्षरे मोजकीच, इंग्रजी अक्षरे, अंक आणि थोडी चिन्हे, असे ठरलेले असल्यामुळे बाकी प्रत्येक बाइट, म्हणजे संगणकाच्या साठवणीतील आठ अंकांचा एकेक गट, टक्केचिन्ह आणि दोन अक्षरे अशा तीन चिन्हांत लिहून पाठवावा लागतो. ‘नागझिरा’ हा शब्द युनिकोडच्या, म्हणजे निरनिराळ्या लिप्यांतील प्रत्येक घटकाला क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या, दृष्टीने न, काना, ग, झ, वेलांटी, र, काना असा सात घटकांचा आहे. यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागत असल्याने त्याचे २१ बाइट होतात, आणि फॉर्ममधून जाताना त्यांची ६३ चिन्हे बनतात. हे ओझे यंत्राने वाहायचे असल्यामुळे त्याचा त्रास कोणाला होत नाही. त्रास होता तो युनिकोड रुळण्यापूर्वी. तेव्हा मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांच्या खासगी संकेतांत लिहिला जाई, पडद्यावर देवनागरी दिसे आणि सर्व्हरकडे मात्र अर्थहीन रोमन अक्षरांची रांग पोहोचे, जी तोच फाँट असल्याशिवाय वाचता येत नसे. पानाची सांकेतिक पद्धत देवनागरी न जाणणारी असेल, तर काही ब्राउझर प्रत्येक घटकाच्या जागी त्याचा क्रमांक पाठवत. मग ‘न’च्या जागी २३४४ हा आकडा खुणांमध्ये अडकलेला दप्तरात उतरे. गोंदियातील एखाद्या गावाचे नाव मराठीत लिहून ते मराठीतच दुसऱ्या टोकाला पोहोचणे ही अशा रीतीने अलीकडची मिळकत आहे.

नागझिऱ्यात संगणकीय आरक्षणाला जे महत्त्व आले, त्यामागे मर्यादा आहे. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनावर अंतरिम बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर ती उठली, पण किती क्षेत्र खुले ठेवावे आणि किती वाहने सोडावीत यांवर बंधन आले. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान, नागझिरा, २०१२ मध्ये घोषित झालेली नवीन नागझिरा व नवेगाव अभयारण्ये आणि भंडारा जिल्ह्यातील कोका अभयारण्य यांचा मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वाहने मोजकी आणि इच्छुक अनेक असले की रांग लागते, आणि वेगवेगळ्या शहरांतील इच्छुकांची एकच रांग लावण्याचे काम फॉर्म करतो. प्रवेशद्वार, तारीख, सकाळची किंवा दुपारची फेरी, प्रत्येकाचे नाव, ओळखपत्राचा क्रमांक, मग शुल्क, असा त्याचा क्रम असतो. एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीपासून, जी ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रमाण ठरली, तारखेचा स्वतंत्र रकाना मिळाला. तो पाहणाऱ्याला त्याच्या प्रांताच्या रिवाजाने दिवस-महिना-वर्ष असा दिसू शकतो, पण जाताना नेहमी वर्ष-महिना-दिवस असाच जातो, आणि त्यामुळे एकाच तारखेचे दोन अर्थ होत नाहीत. बटण दोनदा दाबले गेल्यास दोन आरक्षणे होऊ नयेत म्हणून चांगली संकेतस्थळे माहिती स्वीकारल्यावर वाचकाला लगेच दुसऱ्या पानावर नेतात. ब्राउझरने केलेली तपासणी कोणालाही टाळता येत असल्यामुळे सर्व्हरला सगळे पुन्हा तपासावे लागते; तिथे आळस केला की मर्यादा कागदावरच राहते, आणि तिचा भार शेवटी जंगलावर पडतो.

त्याच जंगलाच्या दुसऱ्या दारातून आलेला फॉर्म २००६ च्या वनहक्क कायद्याचा आहे. १ जानेवारी २००८ पासूनच्या नियमांनी वैयक्तिक हक्कासाठी ‘अ’, सामूहिक हक्कासाठी ‘ब’ आणि २०१२ च्या दुरुस्तीने सामूहिक वनसंपत्तीसाठी ‘क’ असे नमुने दिले, आणि कायद्याच्या व्याख्येत अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांतील वनजमीनही येते. ‘ब’ नमुन्यात हक्कांच्या यादीत पहिलाच रकाना निस्ताराचा आहे. मग गौण वनोपज, मासे व जलाशय, चराई, भटक्या समूहांची वहिवाट, जैवविविधता व पारंपरिक ज्ञान, आणि अन्य पारंपरिक हक्क. कायदा निस्ताराचा उल्लेख करताना तो कोणत्याही नावाने ओळखला जात असला तरी चालेल असे म्हणतो. पुराव्यांतही ज्येष्ठांचे लिहून घेतलेले निवेदन, वंशावळ, बांध घालण्यासारख्या जमिनीवरच्या खुणा, पवित्र वृक्ष, देवराया आणि तळी यांना स्थान आहे. १८७८ मध्ये अधिकाऱ्यासमोर तोंडी सांगण्याची जी वाट होती, ती सव्वाशे वर्षांनी ग्रामसभेच्या दारात पुन्हा उघडली, आणि या वेळी दावा मागवण्याचा व पहिली पडताळणी करण्याचा अधिकारही ग्रामसभेला मिळाला. या विषयाच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा पालट आहे.

असे दावे आणि त्यांचे पुरावे संगणकावर घ्यायचे म्हटले की फॉर्मच्या इतिहासातील आणखी एक तारीख पुढे येते. कागदपत्राची प्रत साध्या जोड्यांच्या रीतीने पाठवली तर फक्त तिच्या फाइलचे नाव जाते, आतला मजकूर मागेच राहतो. झेरॉक्स कंपनीतील अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये बहुखंडी रीत सुचवली, जिच्यात प्रत्येक रकान्याचा मजकूर स्वतंत्र खंडात, मध्ये ठरीव सीमारेषा घालून जातो, आणि छायाचित्र, नकाशा, ठरावाची प्रत असे काहीही त्यात बसते. सेवा हक्क कायद्यानंतर, म्हणजे २०१५ पासून, गावोगावच्या ‘आपले सरकार’ केंद्रांत अनेक दाखल्यांचे अर्ज संगणकावर भरले जातात आणि प्रत्येकाला पोच म्हणून क्रमांक मिळतो. पण कळफलकावर हात बहुधा केंद्रचालकाचा असतो, जसा पूर्वी लेखणीवर अर्जनवीसाचा असे, आणि अर्जदाराने सांगितलेल्यातून रकान्यात काय जाते हे तोच ठरवतो.

वनहक्काच्या २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक तरतूद केली: केवळ तांत्रिक किंवा कार्यपद्धतीच्या कारणावरून दावा फेटाळता येणार नाही. एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीतील ‘रिक्वायर्ड’ हा गुणधर्म नेमके उलट वागतो. तो लावलेला रकाना रिकामा असेल तर ब्राउझर फॉर्म पाठवतच नाही, दावा नाकारला जाण्याइतकाही पुढे जात नाही, आणि त्याची नोंद कुठेच उरत नाही. आरक्षणाच्या अर्जात हे योग्यच आहे, कारण ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही. दाव्याच्या अर्जात मात्र सर्व्हे क्रमांक ठाऊक नसलेल्या वृद्धेचा रकाना रिकामा असतानाही तो स्वीकारला जावा, तिने सांगितलेल्या हद्दीच्या ओढ्याला आणि झाडाला पडद्यामागे नाव असलेली जागा मिळावी, आणि अपुरा दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे पूर्ण करण्यासाठी जावा, अशी रचना एचटीएमएलमध्ये १९९५ पासून शक्य आहे. तिला ‘रिक्वायर्ड’ न लिहिण्यापलीकडे वेगळे तंत्र लागत नाही.